छापील हिशोबपट्टीवर मजकूर सरकतो, तेव्हा आधी चूक मोजा

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका आडत दुकानाच्या दिवाणजींनी विचारलं आहे: "आमची हिशोबपट्टी १० इंच रुंद, ६ इंच उंच, तीन प्रतींची, दोन्ही बाजूंना भोकांची पट्टी असलेली आहे. प्रिंटर ८० कॉलमचा, ९ पिनचा डॉट मॅट्रिक्स. डॉसच्या जुन्या प्रोग्रामवर सगळं जागच्या जागी छापलं जायचं. आता नवं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं. पहिली पट्टी बरोबर येते, दुसरी साधारण एक ओळ वर चढते आणि दहाव्या पट्टीला शेतकऱ्याचं नाव आमच्या दुकानाच्या नावावर छापलं जातं. डावीकडचे रकाने जुळतात, पण उजवीकडे हमालीचा आकडा सरकून तोलाईच्या रेघेवर बसतो. दुपारी कूलर सुरू झाला की आणखी त्रास. मेकॅनिक म्हणतो प्रिंटर म्हातारा झाला, नवा घ्या. घ्यावा का?"

नका घेऊ. निदान एवढ्या लक्षणांवरून तरी नाही. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत आणि त्यातल्या दोन तर प्रिंटरच्या नाहीतच. नवा प्रिंटर आणलात तरी तोही पट्टी तितकीच वर चढवेल.

हे काम करताना एक गोष्ट पक्की धरायची: मजकूर "सरकतो" म्हणजे नेमका कसा सरकतो, हे कळल्याशिवाय एकाही बटणाला हात लावायचा नाही. बहुतेक ठिकाणी उलट होतं. मजकूर वर गेला की कोणीतरी गोल नॉब फिरवून कागद खाली घेतो, दुसरा सॉफ्टवेअरमध्ये वरचं मार्जिन वाढवतो, तिसरा ड्रायव्हरमध्ये कागदाचा आकार बदलतो. आठवडाभराने तिन्ही बदल एकमेकांत गुंतलेले असतात आणि मूळ चूक कुठे होती हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून आधी चाचणी घ्या. सकाळी गर्दी सुरू व्हायच्या आत एकच पट्टी सहा वेळा, एकाच दमात, मध्ये कागदाला हात न लावता छापा. रद्दीतल्या जुन्या पट्ट्या चालतील, फक्त लांबी आणि प्रतींची संख्या तीच हवी. प्रत्येकीवर पेनाने क्रमांक टाका आणि न फाडता टेबलावर पसरा. आता स्टीलची फूटपट्टी घ्या. वरच्या परफोरेशनपासून, म्हणजे पट्ट्या फाडायच्या टिंबांच्या रेघेपासून, छापलेल्या पहिल्या ओळीपर्यंतचं अंतर आणि परफोरेशनपासूनच शेवटच्या ओळीपर्यंतचं अंतर, अशी दोन मापं सहाही पट्ट्यांवर मिलिमीटरमध्ये लिहून काढा. सोबत डाव्या भोकांच्या ओळीपासून सर्वांत डावीकडचा आणि सर्वांत उजवीकडचा आकडा किती दूर पडला तेही.

या मापांत चार गोष्टी दिसू शकतात. सहाही पट्ट्यांवर चूक सारखीच असेल, तर कागद चुकीच्या जागी लागला आहे किंवा मार्जिन चुकलं आहे. चूक प्रत्येक पट्टीला तेवढ्याच मापाने वाढत असेल, तर कॉम्प्युटरच्या मते पानाची लांबी वेगळी आहे आणि खरी वेगळी. पहिली ओळ जागेवर आणि शेवटची ओळ चुकलेली, असं प्रत्येक पट्टीवर असेल, तर ओळींमधलं अंतर किंवा छपाईचं प्रमाण बिघडलं आहे. आणि चुकीला काही नियमच नसेल, कधी २ मिमी, कधी ७, कधी शून्य, तेव्हा मात्र कागद कुठेतरी अडतो आहे किंवा घसरतो आहे. यंत्राकडे संशयाने बघायचं ते याच चौथ्या वेळी.

तुमचं "पट्टीमागे साधारण एक ओळ वर" हे वर्णन सरळ दुसऱ्या प्रकारात बसतं, आणि ते वाचल्यावर माझा पहिला अंदाज ए-फाइव्हचा आहे. हिशोब बघा. तुमची पट्टी ६ इंच, म्हणजे १५२.४ मिमी. ए-फाइव्ह कागद आडवा धरला तर त्याची उंची १४८ मिमी. फरक ४.४ मिमी. नेहमीच्या अंतराने छापलेली ओळ इंचाचा सहावा भाग, म्हणजे ४.२ मिमी असते. कॉम्प्युटर समजतो की पान १४८ मिमीला संपलं आणि पुढची पट्टी तिथूनच सुरू करतो, खरी पट्टी मात्र ४.४ मिमी पुढे सुरू होणार असते. त्यामुळे दर पट्टीला एक ओळ वर. दहाव्या पट्टीपर्यंत नऊ वेळा ४.४, म्हणजे जवळपास ४० मिमी. तेवढ्यात शेतकऱ्याच्या नावाने दुकानाचं नाव गाठलं नसतं तरच नवल.

हे गणित इतरांनाही कामाचं आहे म्हणून नेहमीची मापं इथेच देतो. १२ इंची कागद आणि कॉम्प्युटरमध्ये लेटर, म्हणजे ११ इंच: दर पानाला २५.४ मिमी वर. १२ इंची कागद आणि ए-फोर: ७.८ मिमी वर. ११ इंची कागद आणि ए-फोर: १७.६ मिमी खाली. मजकूर वर चढत असेल तर कॉम्प्युटरने धरलेलं पान खऱ्यापेक्षा आखूड आहे आणि खाली उतरत असेल तर लांब आहे. पहिल्या दोन पट्ट्यांमधला फरक मोजलात की कोणता आकार चुकून निवडला गेला आहे ते बहुतेक वेळा या आकड्यावरूनच कळतं.

कागदाच्या लांबीबद्दल एक खात्री बाळगा. भोकांच्या कागदात दोन भोकांमधलं अंतर अर्धा इंच असतं. ६ इंचांच्या पट्टीला एका बाजूला १२ भोकं येतात, १२ इंचांच्या कागदाला २४. फूटपट्टी हाताशी नसली तर भोकं मोजा, लांबी चुकणार नाही. ट्रॅक्टर, म्हणजे प्रिंटरमधले पिनांचे पट्टे, या भोकांना धरून कागद ओढतो, त्यामुळे कागद नीट लागलेला असेल तर लांबीची चूक यंत्राकडून सहसा होत नाही.

आता दुरुस्ती. विंडोजच्या यादीत १० बाय ६ हा आकार तयार नसतो, तो आपण बनवायचा. डिव्हायसेस अँड प्रिंटर्समध्ये तुमच्या प्रिंटरवर एकदा क्लिक करा, वर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज दिसेल. तिथे फॉर्म्समध्ये 'क्रिएट अ न्यू फॉर्म'वर खूण करा, रुंदी २५.४० सेंमी, उंची १५.२४ सेंमी भरा, चारही मार्जिन शून्य ठेवा आणि "हिशोबपट्टी" असं नाव देऊन सेव्ह करा. खूण करता येत नसेल तर तुम्ही अॅडमिन म्हणून आत नाही आहात. उंची १५.२ अशी गोळाबेरीज करून भरू नका. ०.४ मिमीची ती सूट शंभर पट्ट्यांच्या गठ्ठ्यात ४० मिमी होते.

आकार बनवणं म्हणजे निम्मं काम. तो तीन ठिकाणी निवडावा लागतो आणि लोक एकाच ठिकाणी निवडून थांबतात. पहिलं ठिकाण प्रिंटिंग प्रेफरन्सेस. दुसरं, प्रिंटर प्रॉपर्टीजच्या अॅडव्हान्स्डमधलं प्रिंटिंग डिफॉल्ट्स, कारण दुसऱ्या माणसाने त्याच्या लॉगिनने विंडोज उघडलं की हे लागू होतं. तुमच्याकडे सीझनला रात्री दुसरा मुलगा बसत असेल आणि फक्त त्याच्याच पट्ट्या बिघडत असतील, तर इथेच बघा. तिसरं ठिकाण ब्राउझरची छपाईची खिडकी. तिथे पेपर साइज वेगळा असतो आणि ब्राउझर मागच्या वेळी जे निवडलं ते धरून बसतो. कागद कुठून येतो तेही ट्रॅक्टर असंच निवडलेलं हवं.

आता उजवीकडे सरकणाऱ्या हमालीकडे येऊ. डावीकडे जुळतं आणि उजवीकडे जाता जाता बिघडतं, म्हणजे छपाई आखडली आहे. मोजून खात्री करा: डाव्या कडेपासून १ इंचावर फरक १ मिमी आणि ७ इंचांवर ७ मिमी असेल, तर सगळी छपाई सुमारे ४ टक्के लहान होते आहे. आता उभं माप काढा. पहिल्या आणि शेवटच्या ओळीतलं अंतरही त्याच प्रमाणात कमी असेल, तर दोष ब्राउझरच्या स्केलचा. फिट टू पेज किंवा फिट टू प्रिंटेबल एरिया बंद करून स्केल १०० ठेवा, मार्जिन 'नन' करा, हेडर्स अँड फूटर्सची खूण काढा. उभं माप बरोबर आणि आडवंच आखडलेलं असेल, तर दोष अक्षरांच्या रुंदीचा. जुना प्रोग्राम दर इंचाला १० अक्षरं, सगळी सारख्या रुंदीची, असा छापायचा आणि रकान्यापर्यंत पोहोचायला मोकळ्या जागा, म्हणजे स्पेस, भरायचा. नव्या सॉफ्टवेअरने तेच स्पेस एरियलसारख्या फॉन्टमध्ये छापले तर ते अरुंद होतात आणि उजवीकडचा प्रत्येक आकडा डावीकडे ओढला जातो. यावर उपाय सॉफ्टवेअरवाल्याकडेच आहे. त्याला सांगा, स्पेस मोजून रकाने बसवू नका, प्रत्येक आकड्याची जागा मिलिमीटरमध्ये ठरवा आणि आकडे उजव्या कडेला जुळवा. पानाचा आकार १० बाय ६ इंच आणि मार्जिन शून्य हेही त्याच्या पानातच लिहिलेलं असावं. मजकुराची एकूण उंची ६ इंचांच्या थोडी आतच ठेवायला सांगा. ती किंचितही बाहेर गेली तर ब्राउझर दुसरं पान काढतो आणि मध्ये एक पट्टी कोरी जाते.

रुंदीची एक मर्यादा लक्षात ठेवा. ८० कॉलमचा प्रिंटर ८ इंच रुंद छापतो. तुमचा कागद १० इंची, त्यात दोन्ही बाजूंच्या भोकांच्या पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या, म्हणजे मधला भाग ९ इंच. अगदी कडेपर्यंत छपाई जाणारच नाही. छपाई कागदावर कुठे सुरू होणार हे डावा ट्रॅक्टर कुठे लावला आहे त्यावर ठरतं. तो एकदा जुळला की त्याच्या जागेवर पक्क्या शाईने खूण करून ठेवा. रिबन बदलताना कोणी ना कोणी तो सरकवतंच.

मराठीत छापणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण इंग्रजी पुस्तिकांत हे सापडत नाही. शेतकऱ्याचं नाव, गाव, मालाचं नाव देवनागरीत छापायचं तर विंडोजचा ड्रायव्हर ते अक्षर म्हणून पाठवत नाही, चित्र म्हणून पाठवतो. प्रिंटरच्या आतले दर इंचाला १० किंवा १२ अक्षरांचे साचे तिथे कामाला येत नाहीत आणि ओळींचं अंतर फॉन्ट ठरवतो. देवनागरी फॉन्टमध्ये वरच्या-खालच्या मात्रांसाठी जागा सोडलेली असते, त्यामुळे 'ऑटो' ठेवलेलं ओळीचं अंतर इंग्रजी ओळीपेक्षा जास्त येतं, आणि फॉन्ट बदलला की तेही बदलतं. एका कॉम्प्युटरवर मंगल, दुसऱ्यावर निर्मला, की एकच पट्टी दोन ठिकाणी दोन तऱ्हेने उतरते. पहिली ओळ जागेवर आणि खाली जाता जाता फरक वाढत जातो, हा वर सांगितलेला तिसरा प्रकार, मराठी पट्ट्यांवर बहुतेक वेळा यामुळेच दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये ओळीची उंची 'ऑटो' न ठेवता नेमकी १२ पॉइंट ठरवा. ७२ पॉइंट म्हणजे १ इंच, म्हणून १२ पॉइंटला बरोबर इंचाचा सहावा भाग मिळतो आणि ९ पॉइंटला आठवा. ड्रायव्हरमध्ये छपाईची गुणवत्ता अगदी खालची ठेवू नका. ९ पिनच्या यंत्रावर उभ्या दिशेने इंचाला ७२ ठिपके असले तर वेलांटी आणि रफार एकमेकांत मिसळतात. १४४ ठेवा. वेग कमी होतो, पण नाव वाचता येतं. हिशोबपट्टी शेतकऱ्याच्या हातात जाते आणि तो ती घरी नेऊन वाचतो. हमालीचा आकडा तोलाईच्या रकान्यात पडला तर त्याच्या दृष्टीने तो चुकीचा हिशोबच आहे, मग बेरीज कितीही बरोबर असो. म्हणून या कामात "थोडंफार चालतं" असं मी कोणाला म्हणू देत नाही.

नवं सॉफ्टवेअर साधा मजकूर थेट प्रिंटरला पाठवू शकत असेल आणि तुमची पट्टी इंग्रजीत चालत असेल, तर तो रस्ता जास्त भरवशाचा. वेगही बराच जास्त. तिथे पानाची लांबी प्रिंटरला आज्ञेने सांगायची. एप्सनच्या पद्धतीवर चालणाऱ्या प्रिंटरना, आणि आपल्याकडचे बहुतेक डॉट मॅट्रिक्स तसेच चालतात, पुढचे दशमान कोड लागतात. २७, ६४ ने प्रिंटर मूळ स्थितीत येतो. २७, ५० ने इंचाला ६ ओळी. २७, ६७, ०, ६ ने पानाची लांबी ६ इंच. २७, ७९ ने परफोरेशन ओलांडून उडी मारणं बंद. पट्टी संपली की १२, म्हणजे फॉर्म फीड, पुढच्या पट्टीच्या सुरुवातीला जाण्याची आज्ञा. क्रम असाच ठेवा. २७, ६४ मागाहून पाठवला तर आधी सांगितलेली लांबी पुसली जाते आणि प्रिंटर स्वतःच्या मेनूतल्या लांबीवर परत जातो. पट्टी संपल्यावर कोऱ्या ओळी मोजून पुढे जाण्याची जुनी सवय सोडा. एका पट्टीत मालाची एक ओळ जास्त आली की पुढच्या सगळ्या पट्ट्या घसरतात.

परफोरेशनच्या उडीबद्दल दोन वाक्यं. ही सोय चालू असली की प्रिंटर प्रत्येक पानाच्या शेवटी १ इंच आपोआप सोडतो. ६ इंचांच्या पट्टीत ३६ ओळी बसतात, त्यातल्या ६ अशाच जातात आणि एकतिसावी ओळ पुढच्या पट्टीवर उमटते. छापील फॉर्मसाठी ती नेहमी बंद.

प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूतही ट्रॅक्टरसाठी पानाची लांबी असते. तिथेही ६ इंच करून ठेवा. फक्त हे समजून घ्या की ही लांबी साध्या मजकुराच्या छपाईला लागू होते. विंडोजचा ड्रायव्हर स्वतःची लांबी सोबत पाठवतो आणि शेवटी आलेली आज्ञा खरी ठरते. मेनूत ६ इंच करूनही पट्टी चढतच राहिली तर कोणीही गोंधळेल, म्हणून सांगितलं. सॉफ्टवेअर नेमकं काय पाठवतं याचा वाद सॉफ्टवेअरवाला आणि हार्डवेअरवाला यांच्यात सुरू झाला, तर हेक्स डंप काढा. एप्सनच्या छोट्या प्रिंटरवर एलएफ/एफएफ आणि लोड/इजेक्ट ही दोन्ही बटणं दाबून ठेवून प्रिंटर चालू केला की आलेला प्रत्येक कोड कागदावर जसाच्या तसा उमटतो. तो कागद समोर ठेवला की दोघांचाही वाद तिथेच मिटतो.

आता यंत्र आणि कागद. वरची दुरुस्ती केल्यावर चढणं थांबेल, पण सगळ्याच पट्ट्या २-३ मिमी वर किंवा खाली सारख्याच राहतील, हे गृहीत धरा. हा पहिला प्रकार आणि सर्वांत सोपा. तो सॉफ्टवेअरमध्ये मार्जिन वाढवून दुरुस्त करू नका, प्रिंटरची पानाची सुरुवात, टॉप ऑफ फॉर्म, सरकवा. एप्सनच्या एलएक्स मालिकेत पॉज बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की दिवा लुकलुकायला लागतो, मग वर-खाली बाणांच्या बटणांनी कागद अगदी बारीक, इंचाच्या २१६व्या भागाने हलतो. कागद छपाईच्या जागी असताना हे केलं तर छपाईची सुरुवात बदलते. कागद फाडायच्या जागी पुढे आलेला असताना केलं तर फक्त फाडायची जागा बदलते आणि छपाई तिथेच राहते. "बटण दाबून काहीच होत नाही" अशी तक्रार येते ती यामुळे. एकदा बसवलेली सुरुवात प्रिंटर बंद केला तरी लक्षात राहते.

बाजूचा नॉब प्रिंटर चालू असताना कधीही फिरवायचा नाही. प्रिंटर आपण कागद किती हलवला हे आतल्या मोटरच्या पावलांनी मोजतो. नॉब हाताने फिरवला की ती मोजदाद आणि खरा कागद यांची फारकत होते. शिवाय दातेरी चाकांवर जोर येतो तो वेगळाच. दुकानात चार माणसं प्रिंटरला हात लावत असतील तर नॉबजवळ तशी चिठ्ठीच चिकटवा.

लाइट जाणं हेही इथलं नेहमीचं कारण आहे. पट्टी फाडण्यासाठी कागद पुढे आलेला असतो आणि नेमकी त्याच वेळी लाइन जाते. लाइन परत आल्यावर प्रिंटर कागद आहे तिथूनच सुरुवात धरतो आणि सगळ्या पट्ट्या तेवढ्याच खाली-वर होतात. अशा वेळी सेटिंग बदलू नका. कागद मागे काढून घ्या आणि पुन्हा लोड करा. प्रिंटरला यूपीएसवर घ्यायचं तर त्याची क्षमता बघून घ्या.

ट्रॅक्टरमध्ये कागद लावताना डाव्या आणि उजव्या बाजूला त्याच ओळीतलं भोक पहिल्या पिनेवर आलं पाहिजे. एक भोक चुकलं तर पट्टी तिरपी जाते, सुरकुतते आणि काही पट्ट्यांनंतर अडकते. उजवा ट्रॅक्टर कागद सपाट राहील इतकाच ताणा. भोकं लांबट झालेली दिसली तर ताण जास्त आहे. कागद सोडायची लिव्हर ट्रॅक्टरच्या चिन्हावर आहे ना, हे आवर्जून बघा. ती सुट्या कागदाच्या बाजूला राहिली तर रबराचे रोलर आणि ट्रॅक्टर दोघंही कागद ओढतात, प्रत्येक आपल्या वेगाने. भोकं फाटतात आणि चूक कधी जास्त कधी कमी अशी येते. चौथ्या प्रकारच्या, नियम नसलेल्या सरकण्यात मी सर्वांत आधी ही लिव्हर बघतो. दुसरा नंबर कागदाच्या गठ्ठ्याचा. तो प्रिंटरच्या अगदी सरळ मागे, रेषेत हवा. टेबलाच्या कडेवर घासत किंवा केबलखालून कागद येत असेल तर दर थोड्या वेळाने एक झटका बसतो. छापलेल्या पट्ट्यांचा ढीग मागे जाऊन पुन्हा आत ओढला जात नाही ना, तेही बघा. आडत दुकानांत प्रिंटर भिंतीला चिकटवून ठेवलेला असतो आणि कागद खोक्यातून वाकून वर येतो. प्रिंटर भिंतीपासून थोडा पुढे घ्या.

तीन प्रतींच्या पट्टीसाठी कागदाच्या जाडीची लिव्हर एकेरी कागदावर ठेवू नका. झाकणाखाली किंवा पुस्तिकेत प्रतींप्रमाणे तक्ता दिलेला असतो. फट कमी राहिली तर हेड कागदाला घासतं, रिबन कागदावर डाग पाडते आणि वरची प्रत खालच्या प्रतींवर सरकते.

आणि तुमचा कूलर. तो निर्दोष नाही, पण पट्टी वर चढण्याचा आळ त्याच्यावर नको. कागद ओलावा घेऊन फुगतो हे खरं, पण तो तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, उभ्या दिशेने फार कमी. रोलवरून छापलेल्या सलग कागदात तंतू लांबीच्या दिशेने धावतात. ओलाव्याने तुमची १५२ मिमीची पट्टी ४ मिमी लांब होणं शक्य नाही. कूलर करतो ते वेगळं. मे महिन्यात बाहेरची हवा अगदी कोरडी आणि कूलरच्या झोतात ती दमट, असा कागद दिवसातून दोनदा सुकतो आणि ओलावतो. तिन्ही प्रती सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, कडा वळतात, प्रतींची भोकं एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि पिनेवरून कागद उचलला जातो. दुपारचा जादा त्रास तोच. कूलरचा झोत प्रिंटरवरून हटवा, चालू खोका झोताच्या बाहेर ठेवा आणि बाकीचे खोके लागेपर्यंत प्लास्टिकसह बंद असू द्या. पावसाळ्यात खोके फरशीवर नकोत, फळीवर ठेवा. कडक झालेल्या, वळलेल्या पट्ट्या सीझनच्या गर्दीत वापरू नका.

उभ्या रेघा नागमोडी दिसत असतील, एक ओळ डावीकडे आणि दुसरी उजवीकडे, तर तो वेगळा आजार. हेड दोन्ही दिशांनी छापतं आणि दोन्ही फेऱ्या जुळत नाहीत. पुस्तिकेत दिलेली द्विदिश जुळवणी करा. तेवढा वेळ नसेल तर एकाच दिशेने छपाई निवडा, काम हळू होईल पण आकडे एकाखाली एक येतील.

छापखान्याचा विषय मात्र सविस्तर बोलायचा आहे, कारण सगळं जुळवून झाल्यावर नव्या खोक्याने पुन्हा बिघडतं. मागच्या लॉटची एक पट्टी आणि नव्या लॉटची एक पट्टी भोकांवर भोकं ठेवून खिडकीच्या उजेडात धरा. रेघा एकमेकांवर आल्या पाहिजेत. परफोरेशनशी जुळवून बघू नका, भोकांशीच जुळवा, कारण प्रिंटर कागद भोकांनी धरतो. फरक असेल तर दोष छापखान्याचा आणि तो त्यालाच दाखवायचा. नवी ऑर्डर देताना पूर्ण छपाई सुरू व्हायच्या आधी चार-पाच सलग पट्ट्या मागून घ्या आणि त्या तुमच्याच प्रिंटरवर छापून बघा.

पट्टीची आखणीच नव्याने करणार असाल तर आडव्या रेघांचं अंतर मिलिमीटरमध्ये मनाला येईल तसं ठरवू नका. प्रिंटर इंचाच्या भागांत चालतो. साधी ओळ ४.२३ मिमी, म्हणजे इंचाला ६. छापखान्याने ५ मिमीच्या रेघा आखल्या की १० ओळींना ५० मिमी लागतात आणि प्रिंटर ४२.३ मध्येच दहा ओळी छापून मोकळा होतो. ९ पिनच्या प्रिंटरवर २७, ५१ आणि मग एक आकडा पाठवून ओळीचं अंतर इंचाच्या २१६व्या भागांत देता येतं. ५ मिमीला ४२ भाग दिले तर ४.९४ मिमी मिळतात, २० ओळींत सव्वा मिलिमीटर चूक. ६ मिमीच्या रेघांना मात्र ५१ भाग दिले की ५.९९७ मिमी, जवळजवळ तंतोतंत. त्यामुळे आखणी हातात असेल तर रेघा इंचाच्या सहाव्या भागाच्या पटीत घ्या, नाही तर ६ मिमीच्या. रकान्यांची रुंदी इंचाच्या दहाव्या भागाच्या, २.५४ मिमीच्या, पटीत. आणि आकड्यांच्या रकान्यात सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा दोन अक्षरांची मोकळी जागा जास्त सोडा. हमालीचा रकाना तीन आकड्यांपुरता घट्ट आखलेला असेल, तर अर्ध्या मिलिमीटरचा फरकही रेघेवर दिसतो.

जागा ठरवण्यासाठी जाळीचा कागद करून ठेवा. उभ्या दिशेने ओळींना १ ते ३६ क्रमांक आणि आडव्या दिशेने १ ते ८० पर्यंत आकडे छापलेली एक कोरी पट्टी. ती छापील पट्टीखाली धरून उजेडात बघितली की प्रत्येक रकाना कोणत्या ओळीत आणि कितव्या अक्षरावर येतो ते वाचता येतं. सॉफ्टवेअरवाल्याला फोनवर "थोडं उजवीकडे घ्या" सांगण्यापेक्षा "ओळ १४, अक्षर ६२" सांगा, त्याचं काम एकाच फेरीत होतं.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे, नवा प्रिंटर कधी घ्यायचा. कॉम्प्युटरची केबल काढा, एलएफ/एफएफ बटण दाबून धरून प्रिंटर चालू करा आणि सेल्फ टेस्ट छापू द्या. तीन प्रतींचा नाही, साधा एकेरी भोकांचा कागद लावून. ओळींमधलं अंतर सगळीकडे सारखं आलं तर यंत्राची कागद ओढायची व्यवस्था ठीक आहे आणि चूक वर सांगितलेल्या ठिकाणी शोधा. लिव्हर बरोबर, ताण बरोबर, कागद मोकळा, तरीही सेल्फ टेस्टमध्ये ओळी कुठे दाट कुठे विरळ पडत असतील, तर ट्रॅक्टरची दातेरी चाकं झिजली आहेत किंवा त्यांत कागदाचा भुगा अडकला आहे. आधी मऊ ब्रशने साफ करून पुन्हा बघा. ट्रॅक्टर सुटाही बदलून मिळतो, सीताबर्डीच्या कॉम्प्युटर दुकानांत विचारा. तो बदलूनही ओळी विरळ-दाटच राहिल्या तर मेकॅनिकचं म्हणणं खरं माना आणि सोयाबीनची आवक सुरू होण्याआधी प्रिंटर बदलून घ्या.